कोण मेली? आत्याबरोबर ग्रीसमध्ये मधामागे सात दिवस

दिवस पहिला : अथेन्स

"कोण मेली?" आत्याने हातातला काटा खाली ठेवून विचारलं.

कोणी मेलं नव्हतं. वेटर विचारत होता, अजून 'मेली' घालू का, आणि भाऊजींनी त्याचा प्रश्न जसाच्या तसा आमच्यापुढे ठेवला होता. ग्रीक भाषेत मेली म्हणजे मध. पुढचा आठवडाभर आम्ही दिवसातून दहा वेळा मेली-मेली करत होतो, आणि दर वेळी आत्या तोंडाला पदर लावून हसत होती.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, जहाजाच्या कंपनीत नोकरीला आहे, बायको तिकडचीच. बरीच वर्षं बोलावत होता. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून मी आत्याला उठवलं. आत्या सदुसष्ट वर्षांची, वाईला राहते, दिवाळीचा फराळ करून विकते. तो हंगाम संपला होता, नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा लागला होता. "दिराकडे एकटी कुठे जातेस, सोबत हवी," असं म्हणून ती निघाली. पासपोर्ट तिने आधीच काढून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

मी पुण्यात अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. माझ्या टेबलावर मध येतो तो नमुना म्हणून : ओलावा किती, साखरेचा पाक मिसळलाय का. आत्याकडे मध राहतो औषधांच्या कपाटात, आडुळशाच्या बाटलीशेजारी. बाहेर निघतो तो खोकल्याला, नाहीतर पंचामृताला. स्वयंपाकाला गूळ. मध विस्तवाला दाखवायचा नाही, हे तिच्या सासूबाईंनी तिला पहिल्या वर्षीच बजावलेलं. चरकसंहितेतही गरम मध वर्ज्य सांगितलाय. मध घालून रांधणारा देश बघायचं खूळ माझ्या डोक्यातलं.

दोह्यात विमान बदलून दुपारी पोचलो आणि संध्याकाळी एओलू रस्त्यावर 'क्रिनोस'मध्ये लुकुमादेस खायला गेलो. दुकान १९२३ सालचं. बशीत सुपारीहून मोठे, लिंबाहून लहान, तळलेले गोळे. वर मध, दालचिनीची पूड. आत्याने एक फोडून आत बघितलं. जाळी पडलेली, पोकळ.

"आंबवलंय पीठ. अंडं नाही ना?" नव्हतं. मग खाल्ला. "गुलगुले. पण आपण गूळ पिठात घालतो, ह्यांनी गोड वरून घातलंय. म्हणून कुरकुरीत राहिलं."

खरं आहे. गुळाचं पीठ तेलात लवकर लाल होतं आणि थोड्या वेळाने मऊ पडतं. पिठात मध घातला असता तर त्याहून लवकर करपलं असतं.

दिवस दुसरा : अजून अथेन्स, मग बोट

अक्रोपोलिस बघितलं. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. वरून पूर्वेला इमितोसचा डोंगर दिसतो, हजार मीटरच्या थोडा वर, बोडका, करडा. प्राचीन काळी ह्या डोंगरावरच्या थाइमचा, म्हणजे एका रानटी सुवासिक झुडपाचा, मध जगभर नावाजलेला होता. आता शहर त्याच्या पायाशी नुसतं भिडलेलं नाही, अंगावर चढलंय.

दुपारी एव्रिपिदू रस्ता. आपल्या रविवार पेठेत मसाल्याच्या दुकानांपुढून जाताना येतो तसा वास. एका दुकानात बाईंनी लाकडी काड्यांनी चार मध चाखायला दिले, आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्या अहवालातला 'मध' हा एक शब्द किती अपुरा आहे.

थाइमचा मध पिवळसर-सोनेरी, वास नाकात आधी शिरतो, गोडी नंतर, शेवटी घशात किंचित खवखव. पाइनचा गडद, काळपट तांबूस, गोडीला कमी, मागे राळेची आणि मिठाची चव. पाइनच्या झाडाला मकरंद नसतो. सालीखाली राहणारा एक कीटक झाडाचा रस पितो आणि गोड थेंब बाहेर टाकतो, ते माश्या गोळा करतात. देशातल्या एकूण मधापैकी निम्म्याहून जास्त मध असला! तिसरा, पेलोपोनीसमधल्या मेनालो डोंगराच्या फर झाडांचा 'व्हॅनिला' मध. त्यात व्हॅनिला औषधालाही नाही. मोत्यासारख्या चमकणाऱ्या रेघांमुळे हे नाव. दुधाच्या टॉफीसारखा लागला. चौथा हेदरच्या फुलांचा, 'रेकी'; तो साजूक तुपासारखा रवाळ थिजलेला होता आणि चवीला जवळजवळ काकवी.

"हा," आत्या चौथ्यावर बोट ठेवून म्हणाली. गुळाच्या माणसाने काकवी निवडली, त्यात नवल नाही.

बाई भाऊजींमार्फत सांगत होत्या : थाइमचा मध दह्यावर, चीजवर, कच्चाच, भट्टीत घातलात तर पैसे जाळलेत. भाजायच्या पदार्थाला पाइनचा, तो स्वस्तही आहे आणि वर्ष-दीड वर्ष थिजत नाही. रेकी पावाला आणि अक्रोडाला. आम्ही थाइम आणि रेकी घेतला.

शब्दांवरून एक गंमत. मेलीचं आपल्या मधुशी नातं नाही. आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ ग्रीकमध्ये दारूकडे गेला : जुन्या भाषेत 'मेथु' म्हणजे मद्य, आणि आजच्या ग्रीकमध्ये 'मेथी' म्हणजे नशा. आपल्या भाजीतल्या मेथीचं शास्त्रीय नाव मात्र 'ग्रीक गवत' अशा अर्थाचं आहे. हे मी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मेथीचे लाडू खाऊन झिंगायचं होय गं?"

रात्री नऊच्या सुमाराला पिरेअसहून क्रीट बेटाची बोट. नऊ तासांचा प्रवास. मध्यरात्री आत्याने दिवा लावला. तिच्या पिशवीला चिकट लागत होतं. हॉटेलात चव घ्यायला बरणी उघडली होती मी, आणि झाकण आटे न जुळवता बसवलं होतं, तेही मीच. पाव बरणी थाइमचा मध तिच्या पश्मिन्यात उतरला होता. रेकीची बरणीही तितकीच सैल होती, पण थिजलेला मध जागचा हलला नव्हता. केबिनच्या एवढ्याशा बेसिनमध्ये कोमट पाण्यात शाल बुडवून आम्ही दोघी उभ्या, खाली इंजिन घुमतंय. "तेल असतं तर शाल गेली होती," आत्या म्हणाली. "मध आहे, पाण्याने जाईल." गेला. शालीला अजून वास येतो, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

दिवस तिसरा : हेराक्लिओन

इथल्या पुराणवस्तू संग्रहालयात एका छोट्या दागिन्यासाठी गेलो. मालियाजवळ ख्रिसोलाक्कोस नावाच्या दफनभूमीत सापडलेलं सोन्याचं पदक, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचं. जेमतेम पाच सेंटिमीटर. दोन मधमाश्या समोरासमोर, मध्ये पोळ्याची गोल चकती, तिच्यावर खसखशीएवढे सोन्याचे दाणे जडवलेले, आणि दोघींच्या पायांत मधाचा एक थेंब. आत्या काचेला नाक लावून बराच वेळ उभी होती. "दाणे चिकटवले कसे असतील?" नथ, बुगडी, वज्रटीक करणाऱ्या सोनाराला पडेल तो प्रश्न. मला तो थेंब बघत राहावासा वाटला. एवढ्याशा पदकात कारागिराने जागा राखली ती त्याला.

ह्याच बेटावर बालक झ्यूसला गुहेत लपवून शेळीच्या दुधावर आणि मधावर वाढवलं, अशी कथा. आत्याच्या दृष्टीने हे पंचामृतातलं दोन-पंचमांश झालं.

संध्याकाळी ग्राविएरा नावाच्या चीजवर थाइमचा मध. बरं लागलं. चीज खारट, घट्ट. पण दोन तुकड्यांच्या पुढे मला जाईना.

दिवस चौथा : व्रीसेस आणि आस्किफू

हान्याला जाऊन तिथून भाड्याची गाडी घेतली. वाटेत व्रीसेस. नदीकाठी चिनारांसारखी झाडं, आणि प्रत्येक हॉटेलात एकच गोष्ट मागायची : दही आणि मध. मेंढीच्या दुधाचं दही, वर जाड साय, काट्याने कापावं लागेल इतकं घट्ट. आत्याने चमचा उभा रोवून बघितला, उभा राहिला. "चक्का आहे हा. साखर घालून फेटायची राहिली एवढंच." पण ते फेटत नाहीत. मध वर पडतो, अर्धा आंबट घास, अर्धा गोड, मध्येच अक्रोड. श्रीखंडात सगळं एकजीव करायचं हा आपला हट्ट. इथे प्रत्येक चमचा वेगळा लागतो. मला हे जास्त आवडलं. गुढीपाडव्याला घरात बोलणार नाही.

तिथून वळणावळणाने वर, आस्किफूच्या पठारावर. सातशे मीटर उंची, थंडी, कुंपणाला शेळ्या. तीन टेबलांची खानावळ उघडी होती, मध्ये लाकडाची शेगडी. आम्ही 'स्फाकियानी पिता' मागितली. बाई आतल्या ओट्याशी गेल्या, आणि दार उघडं असल्याने आत्याला त्यांचे हात दिसत होते.

त्यांनी कणकेचा गोळा घेतला. अंगठ्याने खळगी केली. मिझिथ्रा म्हणजे शेळी-मेंढीच्या दुधाच्या निवळीचं मऊ चीज. त्याचा तेवढाच गोळा आत ठेवला, कडा वर घेऊन तोंड चिमटीने मिटलं, जादा कणीक खुडून टाकली. पालथा केला. हाताने थापला.

आत्या उठली. मी "अगं" म्हणेपर्यंत ती नळाखाली हात धुत होती.

दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. बाईंनी लाटणं पुढे केलं. आत्याने आधी कणीक दाबून बघितली. मैदा, ऑलिव्ह तेल, आणि वासावरून थोडी त्सिकुदिया, इथली द्राक्षाची दारू. ती कणीक खुसखुशीत करते. आत्याने वासाकडे दुर्लक्ष केलं. कडेकडेने लाटायला घेतलं, मध्ये दाब न देता, पोळी आपोआप गोल फिरते तसं. बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि वाकून बघायला लागल्या. कारण आत्याची पिता त्यांच्यापेक्षा पातळ झाली होती आणि कुठेही फुटली नव्हती. बाईंनी ती उचलून उजेडाकडे धरली, आतलं पांढरं चीज कडेपर्यंत सारखं पसरलेलं दिसत होतं. नवऱ्याला हाक मारून दाखवली.

तव्यावर तेल जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंना तपकिरी ठिपके आले, मध्ये फुगली. बशीत उतरवली, आणि मग बाईंनी हात उंच धरून थाइमचा मध सोडला. थंडीने जाड झालेली धार गरम पितेवर पडली की पाण्यासारखी पातळ होऊन पसरायची, आणि वाफेबरोबर तो रानटी वास टेबलभर. आपण पोळीवर तूप सोडतो, अगदी तसं. मीठ नाही, साखर नाही. आतलं चीज किंचित आंबट.

"बघितलंस?" आत्या म्हणाली, जणू सासूबाईंची बाजू घेऊन एक खटला जिंकली होती. "चुलीवर नाही चढवला. उतरवल्यावर घातला."

मधात उष्णतेने एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो. युरोपातल्या कायद्याप्रमाणे विकायच्या मधात तो सर्वसाधारणपणे किलोमागे ४० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. पण त्याला उष्णतेइतकाच वेळही लागतो. बशीतल्या दोन मिनिटांत काही होत नाही. जातो तो वास, आणि इथे तो वास जाता जाता आपल्याच नाकात येतो. हे मी बोलले नाही. तिसरी पिता आली होती.

बाईंनी जाताना मला राकोमेलो दिलं : दारू, मध, लवंग, दालचिनी, पितळी भांड्यात गरम केलेलं. आत्याला डोंगरी चहा, मालोतिरा. राकोमेलो विस्तवावरच होतं हे आत्याने पाहिलं, पण ते मी पीत होते म्हणून तिने सोडून दिलं.

दिवस पाचवा : हान्या

आत्याचा खटला एका दिवसात उलटला.

आम्ही उतरलो होतो त्या घरात नातवाच्या बाप्तिस्म्याची तयारी चालली होती, म्हणजे बारसंच. क्सेरोतिगाना करत होत्या. लांब पातळ पट्टी उकळत्या तेलात सोडायची आणि काट्याभोवती गुंडाळत न्यायची, चक्राकार फूल तयार होतं. आपला चिरोटा लाटून तळतात, हा तळता तळता वळतात. इथवर आत्या खूश. मग शेजारच्या शेगडीवर मध आणि थोडं पाणी उकळायला ठेवलं, फेस काढला, आणि एकेक फूल त्यात बुडवून बाहेर, वर तीळ आणि अक्रोड.

"उकळतायत गं," आत्या माझ्या कानात.

पुढे अजून होतं. त्याच ओट्यावर पास्तेली : तीळ आणि मध, दुसरं काही नाही. मध इतका आटवतात की थेंब गार पाण्यात टाकला तर बोटांत गोळी वळते. घरमालकिणीने वाटी पुढे केली, आत्याने पाण्यात बोट घालून गोळी वळली. "गोळीबंद," ती म्हणाली, नाइलाजाने. मग भाजलेले तीळ ओतले, ओल्या लाटण्याने ओट्यावर थापलं, कोमट असताना सुरीने काप. संक्रांतीची वडी. फक्त वेलची नाही आणि गूळ नाही.

तिने एक वडी हातात धरून बराच विचार केला. "गूळ म्हणून खाते," असं जाहीर करून खाल्ली. दुसरी घेताना काही जाहीर केलं नाही.

रात्री हान्याच्या बंदरातून परतीची बोट. बरण्या मी स्वतः तपासल्या, दोनदा.

दिवस सहावा : एव्हिया

पहाटे पिरेअसला भाऊजी आणि जाऊबाई गाडी घेऊन उभे. जाऊबाईंची आई उत्तर एव्हियात राहते. हाल्किदाचा पूल ओलांडून बेटावर, मग तीनेक तास जंगलातून. म्हणजे जिथे जंगल होतं तिथून. २०२१ च्या ऑगस्टमध्ये इथे आग लागली ती दहा दिवसांच्या आसपास धुमसत होती, पन्नास हजार हेक्टरच्या वर क्षेत्र गेलं. डोंगरच्या डोंगर अजून काळ्या खांबांचे आहेत. खाली पाइनची नवी रोपं.

जाऊबाईंनी एका वाचलेल्या पट्ट्याशी गाडी थांबवली आणि खोडाच्या भेगेत साचलेला पांढरा कापूस दाखवला. हाच तो कीटक. इथे त्याला कापसावरूनच 'वाम्वाकादा' म्हणतात. रोपं उगवली तरी मध लगेच येत नाही. झाड मोठं व्हायला हवं, मग हा कीटक त्यावर वसायला हवा. माश्या वाचवलेल्यांनीही पेट्या ट्रकवर घालून दुसरीकडे नेल्या. जाऊबाईंच्या मामांनी पेट्या विकल्या. हे त्या अगदी सपाट आवाजात सांगत होत्या.

घरी विहीणबाईंनी (आत्याने त्यांना पहिल्या मिनिटापासून हेच नाव दिलं) परातीत पीठ काढून ठेवलं होतं. १५ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत त्यांचा उपास : मांस, दूध, अंडी बंद, मध चालतो. म्हणून मेलोमाकारोना हा नाताळचा पदार्थ लोणी आणि अंड्याशिवाय. मैदा, रवा, ऑलिव्ह तेल, संत्र्याचा रस, दालचिनी, लवंग. ब्रँडी पडते, ती आत्यासाठी वगळली आणि रस वाढवला. पीठ मळायचं नाही, नुसतं एकत्र करायचं. मळलं की तेल सुटतं. आत्याला हे सांगावं लागलं नाही, नानकटाई करणारा हात आहे. लांबट गोळे करून किसणीवर हलके दाबायचे, नक्षी उठते आणि पाक धरायला खाचा मिळतात.

पाक आदल्या रात्रीच करून ठेवलेला. साखर, पाणी, दालचिनीची काडी, संत्र्याची साल उकळून उतरवली, आणि मग उतरवलेल्या भांड्यात पाइनचा मध. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. खटला बरोबरीत सुटला.

भट्टीतून काढलेले गरम गोळे गार पाकात, मोजून काही सेकंद. गरम गरमात घातले तर लगदा, गार गारात घातले तर पाक आत शिरत नाही. गुलाबजामवाल्यांचं शास्त्र वेगळं आहे, त्यावर आत्या आणि विहीणबाईंची हातवाऱ्यांनी चर्चा झाली, निष्कर्ष कळला नाही. मधामुळे हे गोळे दोन-तीन आठवडे मऊ राहतात, तो हवेतली ओल धरून ठेवतो.

वर अक्रोडाची भरड. मी सहा खाल्ले. पाइनच्या मधाची ती मिठासारखी चव शेवटच्या घासाला येते. बरणी बघितली तर लेबल दूर उत्तर ग्रीसमधल्या हाल्किदिकीचं होतं. "आमचा संपला," विहीणबाई म्हणाल्या, आणि तीच बरणी आत्याच्या हातात ठेवली.

दिवस सातवा, आणि वाई

विमानाच्या हँडबॅगेत मध द्रवपदार्थ धरतात, म्हणून सगळं मोठ्या बॅगेत, मोज्यांमध्ये, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत. काही सांडलं नाही.

परवा वाईला गेले होते. आत्याने पिता करायला घेतली होती. मिझिथ्रा मिळत नाही म्हणून चक्का, वर घालायला महाबळेश्वरचा जांभळाचा मध, कारण थाइमचा संपला आणि रेकीला ती कोणाला हात लावू देत नाही. पहिली तव्यावर फुटली. चक्क्याला पाणी सुटलं, कडेने गळून करपलं. दुसरीही. आम्ही तुकडे उचलून त्यावर मध घालून खाल्ले. जांभळाचा मध गडद, किंचित तुरट, करपलेल्याला बरा वाटला.

"पनीर घे," मी म्हणाले.

"पनीर आंबट नसतं." तिने उरलेला चक्का पुन्हा फडक्यात बांधला, पिळला, मोरीवरच्या खुंटीला टांगला, आणि खाली पातेलं सरकवलं. "रात्रभर राहू दे. सकाळी बघू. तू थांबणारेस ना?"